उमेदवार कोणाची? शर्ली चिझम आणि त्यांचे पाठीराखे

(पौर्णिमेच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



गेल्या बैठकीच्या अखेरीस मागच्या रांगेतील एका तरुणाने मला प्रश्न विचारला होता. जो उमेदवार निवडून येणार नाही हे सर्वांस ठाऊक आहे, त्याच्यासाठी राबणे म्हणजे आपले मत विहिरीत टाकणे नव्हे काय? त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. वेळ संपली होती हे खरे; पण माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते हेही तितकेच खरे. आज मी त्या प्रश्नाकडे अमेरिकेतील एका निवडणुकीच्या वाटेने जाणार आहे. ती निवडणूक १९७२ सालची, राष्ट्राध्यक्षपदाची. उमेदवार होत्या शर्ली चिझम. मात्र मी चिझमबाईंपेक्षा त्यांच्या पाठीराख्यांविषयीच अधिक बोलणार आहे, कारण आपण येथे बसलेले सारे पाठीराखेच आहोत. उमेदवार आपल्यात क्वचितच एखादा निघेल.

प्रथम बाईंची ओळख करून घेऊ. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील ब्रिटिश गियानातून आलेले, कारखान्यात मजुरी करणारे. आई बार्बाडोस बेटावरची, शिवणकाम करणारी आणि दुसऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. ही शेवटची गोष्ट भगिनींनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. मुलगी लहान असताना काही वर्षे बार्बाडोसला आजीजवळ वाढली. पुढे त्या शिकल्या, बालवाडीच्या शिक्षिका झाल्या. त्यांची पदव्युत्तर पदवी कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील. याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते, हे आपल्याला सांगावयास नको. १९६४ साली त्या राज्याच्या विधिमंडळात आणि १९६८ साली देशाच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या. त्या सभागृहात बसणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्या प्रचाराचे ब्रीद असे होते की, आपण कोणी विकत घेतलेल्या नाही आणि कोणाच्या हुकमाच्या ताबेदारही नाही.

२५ जानेवारी १९७२ रोजी ब्रुकलिनमधील कॉन्कॉर्ड बाप्टिस्ट चर्चच्या वास्तूत त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत असल्याचे जाहीर केले. त्या भाषणाचा आशय असा: मी कृष्णवर्णीय आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, तरी मी केवळ कृष्णवर्णीयांची उमेदवार नाही, मी स्त्री आहे आणि त्याचाही मला तितकाच अभिमान आहे, तरी मी केवळ स्त्री-चळवळीची उमेदवार नाही, मी या देशातील जनतेची उमेदवार आहे.

हे वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु पाठीराख्यांमध्ये जो वाद पेटला तो याच वाक्यावरून. आमची नव्हे तर मग कोणाची?

हा वाद समजण्यासाठी तेथील पद्धत थोडक्यात पाहिली पाहिजे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार चार पुढाऱ्यांनी बंद खोलीत निवडावयाचा नसतो, निदान तसा दंडक आहे. राज्याराज्यांतून पक्षाचे मतदार आपापल्या पसंतीच्या इच्छुकाचे प्रतिनिधी निवडतात, आणि ते प्रतिनिधी राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन मत देतात. १९६८ च्या शिकागो अधिवेशनातील गोंधळानंतर पक्षाने नियम बदलले, त्यामुळे १९७२ साली स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय पूर्वीपेक्षा मोठ्या संख्येने प्रतिनिधी झाले. शिवाय १९७१ च्या घटनादुरुस्तीने अठरा वर्षांच्या तरुणांस मताचा हक्क मिळाला होता. चिझमबाईंचा हिशेब या बदलांवर उभा होता. आपण जिंकणार नाही हे त्यांना पक्के माहीत होते. परंतु कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर पदरी असलेल्या प्रतिनिधींच्या बळावर अधिवेशनात अटी घालता येतील, असे त्या म्हणत. उपाध्यक्षपदी कृष्णवर्णीय, मंत्रिमंडळात स्त्री, आणि ज्या खात्याच्या हाती मूळ रहिवासी इंडियनांचा कारभार आहे त्यावर एखादा इंडियनच, अशा त्या अटी होत्या. मागून मिळत नसेल तर मोजून घ्यावे, असा हा विचार.

आता पाठीराख्यांकडे वळू. कृष्णवर्णीय पुरुष पुढाऱ्यांपैकी पुष्कळांस ही उमेदवारी रुचली नाही. मार्च १९७२ मध्ये इंडियाना राज्यातील गॅरी शहरी कृष्णवर्णीयांची मोठी राजकीय परिषद भरली. तिने कोणत्याच इच्छुकाला पाठिंबा दिला नाही. बाई तेथे गेल्या नाहीत. ही स्त्रियांची उमेदवार, आपली नव्हे, असे कित्येकजण उघड म्हणत. आपल्याला कृष्णवर्णीय म्हणून जितका अडथळा झाला त्याहून अधिक स्त्री म्हणून झाला, असे चिझमबाई वारंवार सांगत आल्या, त्याचे मूळ अशा अनुभवांत होते. दुसरीकडे स्त्री-चळवळीतील बेटी फ्रीडन आणि ग्लोरिया स्टायनम या दोघी बाईंच्या बाजूने प्रतिनिधिपदासाठी न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिल्या. परंतु स्टायनमबाई त्याच वेळी असेही म्हणत की, गोऱ्या पुरुष उमेदवारांत मॅकगव्हर्न सर्वांत चांगले. तेव्हा चिझमबाईंनी त्यांना तोंडावर ठणकावले: तुम्ही एक तर मॅकगव्हर्न यांच्या बाजूच्या आहात किंवा माझ्या, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका.

प्रचारकचेऱ्यांतही हेच चालले होते. गोऱ्या स्त्री-कार्यकर्त्यांस वाटे की बाईंनी स्त्रियांच्या प्रश्नांवर अधिक बोलावे. कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांस वाटे की आपल्या वस्तीचे प्रश्न मागे पडतात. एकमेकांशी धड बोलणे नव्हते. पैसा थोडा होता. सारा प्रचार सुमारे ३ लाख डॉलरांत झाला, जो त्या देशाच्या मानाने चहापाण्याचा खर्च म्हणावा लागेल. ज्यांनी कधी एखाद्या लहान पक्षाच्या कचेरीत सतरंज्या उचलल्या असतील त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पुढे ब्लॅक पँथर या संघटनेने बाईंस पाठिंबा जाहीर केला. हे नाव आपल्या घरातले आहे. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती या नावावरूनच. पँथरांचा पाठिंबा घेतला तर मवाळ मतदार भितील, तो नाकारावा, असा सल्ला बाईंना दिला गेला. त्यांनी तो मानला नाही. दडपलेल्या लोकांनी मतपेटीवर विश्वास ठेवावयाचे ठरविले असता त्यांना दारातून परत पाठविण्याचा मला काय अधिकार, अशी त्यांची भूमिका होती. माझ्या मते त्यांच्या संदेशाची ही पहिली कसोटी, आणि ती त्यांनी पार पाडली.

दुसरी कसोटी फार अवघड होती. तीविषयी मी अधिक वेळ घेणार आहे.

अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॅलेस हे त्याच पक्षात, त्याच पदाचे इच्छुक होते. हा गृहस्थ कोण? १९६३ च्या जानेवारीत अधिकारग्रहण करताना ज्याने वर्णभेद आज, उद्या आणि सदासर्वकाळ राहील अशी घोषणा केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी जो विद्यापीठाच्या दारात स्वतः उभा राहिला, तो हा. १९७२ च्या मार्चमध्ये फ्लॉरिडाची प्राथमिक निवडणूक त्याने जिंकली. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकविण्यासाठी बसगाड्यांनी दूरच्या शाळेत पोहोचविण्यास त्याचा विरोध होता, आणि त्या विरोधावर त्याने मते गोळा केली. चिझमबाईंनी त्या राज्यात प्रचार करताना गोऱ्या श्रोत्यांस अशा अर्थाचा प्रश्न केला होता: आमच्या मुलांना घराजवळची गोऱ्यांची शाळा ओलांडून दूरच्या शाळेत नेले जाई, तेव्हा तुमची ही कळकळ कोठे होती?

१५ मे १९७२ रोजी मेरीलँड राज्यात प्रचारसभेनंतर वॅलेस यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचले, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. चिझमबाईंनी आपला प्रचार थांबविला आणि त्या रुग्णालयात त्यांना भेटावयास गेल्या.

तुमचे लोक काय म्हणतील, असे वॅलेस यांनी विचारले. ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, पण तुमच्यावर आला तसा प्रसंग कोणावरही येऊ नये, असे उत्तर बाईंनी दिले. वॅलेस रडले. आणि बाईंचे लोक खरोखरच संतापले. आपल्याच मतदारसंघातील लोकांनी आपल्याला सुळावर चढविले, असे त्या पुढे सांगत.

बंधुभगिनींनो, येथे घाईने टाळ्या वाजवू नका. त्या संतापलेल्या माणसांच्या जागी क्षणभर बसून पाहा. ज्यांच्या मुलांच्या तोंडावर शाळेचे दार लावले गेले, ज्यांनी तो गृहस्थ दारात उभा असलेला पाहिला, त्यांना आपल्या उमेदवाराने त्याच्या खाटेजवळ बसलेले पाहून काय वाटले असेल? विहिरीवर पाणी नाकारणारा पाटील आजारी पडला म्हणून आपल्या वस्तीचा पुढारी त्याच्या वाड्यावर समाचाराला गेला असता, तर आपल्यापैकी कितीजणांनी त्याला दुसऱ्या दिवशी सभेत बोलू दिले असते? त्यांच्या रागाला मी चूक म्हणणार नाही. सोसणाऱ्याने क्षमा केलीच पाहिजे, अशी आज्ञा करण्याचा अधिकार कोणास नाही.

परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. बाईंनी त्या भेटीत आपल्या मतांपैकी एकही मत सोडले नाही. वॅलेस यांचे धोरण क्षम्य आहे असे त्या बोलल्या नाहीत, आणि त्यांच्याकडे मतांची याचनाही केली नाही. त्या एवढेच म्हणाल्या की, बंदुकीने माणूस पाडणे हा आमचा मार्ग नव्हे, मग तो माणूस कोणीही असो. जनतेची उमेदवार हे शब्द त्यांनी चर्चमध्ये उच्चारले होते. त्यांची किंमत त्यांना रुग्णालयात मोजावी लागली, तीही स्वतःच्या माणसांच्या हातून.

त्या पाठीराख्यांत बार्बरा ली नावाची एक विद्यार्थिनी होती. कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयात शिकणारी, दोन मुलांची एकटी आई, कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष. तिने मतदार म्हणून नावसुद्धा नोंदविले नव्हते. या पक्षांत आपले काय आहे, असे तिला वाटे. चिझमबाई महाविद्यालयात बोलावयास आल्या, तिच्याशी बोलल्या, आणि आधी नाव नोंदव म्हणाल्या. तिने नोंदविले आणि ती प्रचारात पडली. वॅलेस यांच्या भेटीने ती हादरली आणि तिने बाईंना सरळ जाब विचारला. बाईंनी बोट उगारून तिला समजावले की, आपण सारी माणसे आहोत हे कधीकधी आठवावे लागते. या माणसाला आजवर जे दिसले नाही ते कदाचित मी दाखवू शकेन.

मला या हकीकतीत बाईंच्या उत्तराइतकाच त्या मुलीचा प्रश्न मोलाचा वाटतो. तिने हार घालून गप्प बसणे पत्करले नाही, आणि रागावून घरीही गेली नाही. जाब विचारला, उत्तर ऐकले, आणि प्रतिनिधी म्हणून मायामीच्या अधिवेशनास गेली. आपल्याकडे पुष्कळदा दोनच प्रकारचे पाठीराखे दिसतात. एक पायावर डोके ठेवणारा, आणि दुसरा पहिल्या मतभेदास नवा गट काढणारा.

आता आईच्या घरकामाची गोष्ट. घरोघरी काम करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतनाचा कायदा लागू नव्हता. तो लागू व्हावा यासाठी चिझमबाई झटत होत्या, आणि १९७४ च्या दुरुस्तीने तो लागू झाला. त्या कामी दक्षिणेकडील काही प्रतिनिधींची मते वॅलेस यांनी मिळवून दिली, असे बाई स्वतः सांगत. त्या भेटीचे हे फळ असे मी म्हणणार नाही. फळ मिळेल म्हणून त्या गेल्या नव्हत्या. परंतु या सभेत दुसऱ्यांची धुणीभांडी करून पोर शिकविणाऱ्या भगिनी बसल्या आहेत, त्यांना हे कळले पाहिजे.

शेवट काय झाला? कॅलिफोर्नियाचे सर्व २७१ प्रतिनिधी वादविवादानंतर मॅकगव्हर्न यांना मिळाले, आणि कोणालाच बहुमत नाही ही बाईंची आशा तेथेच मावळली. अटी घालण्याची वेळच आली नाही. प्रारंभापासून बरोबर असलेले रोनाल्ड डेलम्स यांनीही अधिवेशनात मॅकगव्हर्न यांची बाजू घेतली. हंफ्री यांनी आपल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींस मोकळे केले, त्यांतील अनेकांची मते मिळून बाईंना पहिल्या फेरीत सुमारे १५२ मते पडली. साऱ्या प्राथमिक निवडणुकांत मिळून त्यांना सुमारे ४ लाख ३० हजार मतदारांनी मत दिले होते. मॅकगव्हर्न उमेदवार झाले, आणि नोव्हेंबरात निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली.

तेव्हा ज्यांनी निवडून येणाऱ्याच्या मागे जावे म्हणून बाईंना सोडले, त्यांच्याही हाती काही लागले नाही. विहिरीत टाकलेले मत कोणाचे, हे त्या तरुणाने आता ठरवावे.

चिझमबाई १९८३ पर्यंत प्रतिनिधिगृहात होत्या. १ जानेवारी २००५ रोजी त्या वारल्या. १९८४ आणि १९८८ साली जेसी जॅक्सन त्याच वाटेने गेले, आणि २००८ साली बराक ओबामा निवडून आले. बार्बरा ली १९९८ साली डेलम्स यांच्याच जागेवरून प्रतिनिधिगृहात गेल्या आणि २०२५ साली ओकलंड शहराच्या महापौर झाल्या. मतदारयादीत ज्यांचे नावही नव्हते त्या या बाई.

माझे बोलणे संपले. अध्यक्षांनी अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवला आहे. चिझमबाईंनी रुग्णालयात जावयास नको होते असे ज्यांचे मत असेल, त्यांनी प्रथम बोलावे. आणि भगिनींनी मागे राहू नये. मी बसतो.

जयभीम.