कारळे, तीळ आणि मुलांचे अवधान



मुलांची बुद्धी वाढावी म्हणून त्यांना बदाम द्यावेत, असा समज आपल्या समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. पालकसभेत आपणही सहज सांगून जातो, "मुलाला बदाम देत जा." सल्ला वाईट नाही. परंतु ज्या घरची चूल रोजंदारीवर पेटते, त्या घरातील आईच्या मनात आपण मुलाला कमी पडलो असे शल्य राहून जाते. हे शल्य अनाठायी आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असतो. तथापि विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा तो घेतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू तर दिवसभराच्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वाटा घेतो. नुसत्या चहावर शाळेत आलेले मूल फळ्याकडे पाहत असूनही ऐकत नसते, ह्यात नवल ते काय? शरीरात लोह कमी असले तरीही अवधान आणि स्मरण मंदावते. कोणतेही बी बुद्धी निर्माण करीत नाही. मात्र उपासमार आणि कुपोषण असलेली बुद्धी झाकून टाकतात.

आता आपल्या घरातले डबे उघडून पाहू. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. बदामांत सुमारे २०. सालीसकट तिळात कॅल्शियम विपुल असते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. मेंदूच्या पेशींना लागणारा एक स्निग्ध घटक शरीर त्यापासून थोड्या प्रमाणात तयार करते. बदामात हे आम्ल जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मिळणारे बदाम बहुतांशी कॅलिफोर्नियातून येतात. आणि कारळे, ज्याला आपण खुरासणी म्हणतो, ते मात्र मावळातील वरकस जमिनीवर, भात जेथे पिकत नाही अशा उतारावर येते. पावसाळा सरता सरता त्याच्या पिवळ्या फुलांनी डोंगर खुलतात. त्याच्या बियांत प्रथिने व स्निग्धांश दोन्ही आहेत. नाचणीच्या भाकरीबरोबर कारळ्याची चटणी हे गरिबीचे अन्न नव्हे. ते शहाणपणाचे अन्न आहे. आज आपल्या तालुक्यातील पुष्कळ वरकस जमिनी विकल्या गेल्या आहेत. जमिनीबरोबर हे शहाणपणही हातचे जाऊ नये.

आपण शाळेत काय करू शकतो? पहिली गोष्ट, सकाळी काय खाल्ले हे मुलाला एकट्याला, मायेने विचारावे. वर्गापुढे विचारू नये. दुसरी गोष्ट, शालेय पोषण आहार हा हक्काचा आहार आहे. प्राथमिक वर्गातील मुलासाठी त्यात ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने अभिप्रेत आहेत. तो पानात पुरा पडतो की नाही, हे पंगतीत बसून पाहावे. शेंगदाणा किंवा तिळाची चटणी त्यासोबत देता येईल काय, ह्याचा विचार शाळा व्यवस्थापन समितीने करावा. तिसरी गोष्ट, परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून घरातील बिया आणवाव्यात आणि त्यांचे पदार्थ आजीला विचारून वहीत लिहावयास सांगावे.

काही सावधगिरी अवश्य बाळगावी. बुरशी आलेले, कडवट किंवा काळवंडलेले दाणे टाकून द्यावेत; ते विषारी असू शकतात. अंगणवाडीच्या बालकांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावे. जवस भाजून कुटावे, अन्यथा ते न पचताच बाहेर पडते. एखाद्या मुलास शेंगदाणे किंवा तीळ खाऊन अंगावर पित्त उठले अथवा श्वास लागला, तर तत्काळ दवाखाना गाठावा. जेवणास लिंबू किंवा आवळ्याची जोड असावी, त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा. रक्तक्षय दिसणाऱ्या मुलास केवळ चटणीवर न ठेवता आरोग्य केंद्रात दाखवावे; शाळेत येणाऱ्या लोहाच्या गोळ्या वेळेवर द्याव्यात.

बंधु-भगिनींनो, पुढील पालकसभेत बदामाऐवजी कारळ्याचे नाव घ्या. आपल्या शिवारातले अन्न आपल्या मुलांच्या शिक्षणास उपयोगी पडते, हे शिक्षकाच्या तोंडून ऐकलेल्या आईचा हात डब्यात चटणी घालताना संकोचणार नाही. ते कार्य आपल्या हातून व्हावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.