लाकडाचे कुसळ आणि धनुर्वात



सहारनपूरचे कोरीवकाम असो, चन्नपट्टण वा सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत, आपल्या देशात लाकडावर राबणारे हात असंख्य आहेत. चुलीसाठी सरपण फोडणाऱ्या गृहिणीचे हातही त्यांतच आले. या सर्वांना कुसळ नित्य परिचयाचे असते आणि म्हणूनच त्याची उपेक्षा होते.

गंजलेला खिळा लागला की धनुर्वाताची आठवण होते. लाकूड रुतले असता होत नाही. वास्तविक दोष गंजाचा नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू माती, धूळ व जनावरांचे शेण यांत असतात. जमिनीवर पडून राहिलेल्या लाकडाचे कुसळ ते बीजाणू त्वचेखाली खोलवर, हवा न पोहोचणाऱ्या जागी नेऊ शकते. जंतूंची वाढ होते ती अशाच जागी.

कुसळ रुतल्यास ते त्याच दिवशी काढावे. प्रथम हात व रुतलेली जागा साबणाने धुवावी. परंतु ती जागा पाण्यात भिजत ठेवू नये, कारण लाकूड फुगते व काढताना तुटते. चिमटा स्पिरिटने पुसून घ्यावा. कुसळाचे टोक धरून, ते ज्या तिरकसपणे शिरले त्याच रेषेत सावकाश बाहेर ओढावे. जागा दाबू किंवा पिळू नये. कुसळ निघाल्यावर जखम पुन्हा धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी. चुना, राख, माती वा शेण कदापि लावू नये.

कुसळ खोल, मोठे किंवा नखाखाली असल्यास, मध्येच तुटल्यास अथवा रुग्णास मधुमेह असल्यास आरोग्य केंद्रात जावे. आत राहिलेले लाकूड क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. म्हणून ‘लाकूडच रुतले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डोळ्यात कुसळ रुतल्यास डोळा चोळू नये, ते स्वतः काढू नये. त्वरित रुग्णालय गाठावे. जखमेभोवती लाली, सूज, पू किंवा ताप आल्यासही विलंब करू नये.

शेवटची धनुर्वाताची लस केव्हा घेतली, हे स्वतःस विचारा. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बालपणीच्या मात्रांनंतर १० व १६ व्या वर्षी टीडी लस दिली जाते. पुढे कित्येकांस तिचे विस्मरण होते. मळलेली जखम असून शेवटच्या मात्रेस ५ वर्षे उलटली असल्यास, किंवा लसीकरणाविषयी खात्री नसल्यास, डॉक्टरांचा सल्ला त्वरित घ्यावा. लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात: जबडा आवळणे, गिळताना त्रास, मान ताठरणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धनुर्वात एकदा होऊन गेल्याने पुढे संरक्षण मिळत नाही. ते लसीनेच मिळते.

लाकूड हाताळताना जाड हातमोजे वापरावेत. मात्र फिरत्या यंत्राजवळ ते काढून ठेवावेत, कारण पात्यात अडकून हात ओढला जाण्याचा धोका असतो. फळीवरून उघडा हात फिरवू नये. रंधा मारताना व लाकूड फोडताना डोळ्यांवर चष्मा असावा, पायांत बंद पादत्राणे असावीत.

कुसळ निघाले म्हणजे काम संपले असे मानू नका. आपल्या घरातील प्रत्येकाची लस वेळेवर झाली आहे ना, हे आजच पाहा.