पुरानंतरचे पाणी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि पुण्याच्या मुठेकाठच्या पेठा जलमय झाल्या. पूर ओसरला; परंतु नळास पाणी पुरविणारा जलाशयच रिता झाल्यामुळे शहर तहानले. त्या समयी वाड्यांतील विस्मृत विहिरी कामास आल्या. ज्याच्या चौकात आड, त्याचे दार आळीस खुले झाले. पुढे श्री. स. गो. बर्वे यांच्या देखरेखीखाली पुनर्वसनाचे कार्य चालले. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती वसल्या. निवारा सरकारने दिला, हे खरेच. परंतु पहिला घोट शेजाऱ्याने दिला. यास्तव जेथे आड शिल्लक असेल तेथे तो बुजवू नये. वर्षातून एकदा उपसावा, रहाट व दोर जागेवर ठेवावा, आणि शेजाऱ्यांस त्याची वाट ठाऊक असू द्यावी.