जनुकीय जोखीम आणि आरोग्य विमा
(इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळूर येथील व्याख्यानाचा अंश)



हृदयविकाराच्या संदर्भात असंख्य सूक्ष्म जनुकीय भेदांच्या प्रभावांची बेरीज करून ‘बहुजनुकीय जोखीम गुणांक’ काढला जातो. तो संभाव्यता सांगतो, भवितव्य नव्हे. असे गुणांक प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्याने आपल्याकडे त्यांची अचूकता घटते. म्हणूनच याच बंगळूरच्या मेडजीनोमचा सहभाग असलेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला दक्षिण आशियाई लोकांवरील अभ्यास महत्त्वाचा आहे.

अर्थशास्त्राचा प्रश्न यापुढचा आहे. कोण आजारी पडेल हे ठाऊक नसते, म्हणूनच सर्वजण हप्ते भरून जोखीम वाटून घेतात. गुणांक विमा कंपनीला कळला, तर अधिक धोका असलेल्याचा हप्ता वाढेल किंवा त्याला विमाच नाकारला जाईल. तो केवळ ग्राहकाला कळला, तर धोका असलेलेच प्रामुख्याने विमा घेतील. यालाच ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हृदयस्नायूच्या विकारासंबंधीच्या एका दाव्यात ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणारे विम्याचे कलम अनुच्छेद १४ चा भंग करणारे ठरविले. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत मात्र लाभार्थ्याकडून हप्ताच घेतला जात नाही. त्यामुळे वैयक्तिक जोखीम मोजण्याचे कारण उरत नाही. जोखमीचे ज्ञान जसे सूक्ष्म होईल, तशी ती वाटून घेणारी व्यवस्था अधिक व्यापक झाली पाहिजे.