सरोजिनी नगरातला पाच मिनिटांचा भयपट

माध्यमांच्या अभ्यासक्रमात लघुपट करायची वेळ आली की विद्यार्थ्यांचा एखादा तरी गट भयपटाकडे वळतो. या ओढीला व्यवहाराचा आधार आहे. प्रेमकथेला दोन मुरलेले नट लागतात, ऐतिहासिक कथेला वेशभूषा आणि वास्तू लागते. भयाला मात्र एक खोली, एक माणूस आणि त्या माणसाला न दिसणारी एखादी गोष्ट पुरते. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्ग यांनी 2013 साली ‘लाइट्स आउट’ हा लघुपट स्वतःच्या घरात केला. त्यात त्यांची पत्नी लोटा लोस्टेन एकटीच काम करते. लांबी तीन मिनिटांहून कमी, संवाद एकही नाही. दिवा मालवला की आकृती दिसते, लावला की नाहीशी होते, एवढीच कल्पना. तिच्यावरून 2016 मध्ये त्याच नावाचा मोठा चित्रपट निघाला आणि त्याचे दिग्दर्शनही सँडबर्ग यांनीच केले.

साधने थोडी पुरतात म्हणून तयारीही थोडी पुरेल, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो आणि तोच बहुतेक लघुपट बिघडवतो. भयपटात नियोजन करायचे असते ते मुख्यतः प्रेक्षकाला मिळणाऱ्या माहितीचे. कोणती गोष्ट त्याला पात्राच्या आधी कळावी, कोणती पात्राबरोबर कळावी आणि कोणती शेवटपर्यंत कळूच नये, हे कागदावर ठरले नाही तर कॅमेरा कितीही चांगला असला तरी भीती वाटत नाही.

दिल्लीतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी ओसाड किल्ला शोधत हिंडायची गरज नाही. सरोजिनी नगरचेच उदाहरण घेता येईल. दिल्लीबाहेर हे नाव स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे माहीत असते. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाणारी ही वसाहत 1950च्या दशकात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिली. ठेंगणे ब्लॉक, समोर हिरवळीचा चौक, कडुनिंब आणि जांभळाची झाडे असे तिचे रूप होते. जुलै 2016 मध्ये दक्षिण दिल्लीतल्या अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. पुढे ब्लॉक एकेक करून रिकामे होत गेले. झाडे तोडण्याविरुद्ध 2018 मध्ये नागरिक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. जुन्या क्वार्टरांच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. बदलीच्या नोकरीमुळे इथल्या घरांत माणसे सतत बदलत राहिली. आधी कोण राहत होते आणि ते कुठे गेले, हा प्रश्न सरकारी क्वार्टरच्या भिंतींतच मुरलेला असतो. भयकथेला याहून चांगली जमीन मिळणे अवघड.

समजा, कथा अशी आहे. रिकाम्या होत चाललेल्या ब्लॉकमध्ये एकच मराठी कुटुंब उरले आहे. आई लग्नासाठी नागपूरला गेली आहे, मुलगी एकटी परीक्षेचा अभ्यास करते आहे. रात्री एक वाजता खालून चौकीदाराची शिट्टी ऐकू येते, मागोमाग काठीचा ठोका. दिल्लीच्या वसाहतींत वाढलेल्या कोणालाही हा आवाज निर्धास्त झोप देणारा वाटतो. दुसऱ्या रात्री ठोका जिन्यावर येतो. आईचा फोन येतो तेव्हा मुलगी सहज त्या चौकीदाराविषयी बोलते आणि आई म्हणते, “अगं, तो तर दिवाळीलाच गावी गेला. परत आलाच नाही.”

हे वाक्य कुठे ठेवायचे, यावर सगळा लघुपट उभा राहतो किंवा पडतो. ते पहिल्या मिनिटातच आले तर प्रत्येक शिट्टी धडकी भरवते आणि पुढची चार मिनिटे ताणात जातात. मध्यावर आले तर आधीचे सुरक्षित क्षण प्रेक्षक मनात पुन्हा तपासू लागतो. अगदी शेवटी आले तर एकच धक्का बसतो, पण तोवरचा वेळ धरून ठेवणारे दुसरे काहीतरी लागते. पाच मिनिटांच्या कथेला मधली जागा सर्वांत फलदायी ठरते. तिन्ही आराखडे लिहून, वर्गातल्या चारजणांना वाचून दाखवून मगच निवड करावी.

या निवडीत मराठी वाचकाला घरचीच शिदोरी उपयोगी पडते. नारायण धारप यांनी भय मध्यमवर्गीय माणसाच्या राहत्या घरात आणले. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांत ओळखीची माणसे आणि ओळखीचे व्यवहार पुढे सरकत असताना एकच तपशील जागा सोडतो आणि सगळे चित्र पालटते. पटकथा शिकणाऱ्याने परदेशी भयपटांआधी या कथा वाचाव्यात. धारपांच्या कथांचा संस्कार राही बर्वे यांच्या 2018 सालच्या ‘तुंबाड’वर आहे. त्या चित्रपटात भीतीचे निम्मे काम पाऊस करतो आणि खऱ्या पावसासाठी चित्रीकरण एकाहून अधिक पावसाळे चालले. विद्यार्थ्याला एवढा काळ मिळत नाही, पण ऋतू निवडता येतो. दिल्लीत डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत धुके फुकट मिळते आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळत असल्याने मध्यरात्रीचे प्रसंग संध्याकाळी सातला चित्रित होतात. बाहेरच्या थंडीतून कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला तर भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो काही वेळ पिशवीतच ठेवावा.

जागेच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. रिकामे क्वार्टर सरकारी मालमत्ता असतात आणि भोवती बांधकाम चालू असते. परवानगीशिवाय आत शिरणे बेकायदा आणि धोक्याचेही. एखाद्या ओळखीच्या कुटुंबाचे राहते घर, त्यांच्या संमतीने, जास्त उपयोगी पडते. भिंतीवरचे कॅलेंडर आणि तसबिरी उतरवल्या, खिळे तसेच ठेवले, की सोडून गेलेले घर तयार होते. जिन्यासाठी शेजाऱ्यांना आधी सांगावे. मेट्रो स्थानकात किंवा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते. वरून वसाहत दाखवण्याची हौस तर सोडूनच द्यावी, कारण सफदरजंग विमानतळ जवळ आहे आणि या भागात ड्रोनवर कडक निर्बंध आहेत.

बाजारात चित्रीकरण करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. 29 ऑक्टोबर 2005 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीत बॉम्बस्फोट झाले. त्यांत साठाहून अधिक माणसे दगावली आणि सर्वांत मोठी हानी याच सरोजिनी नगरच्या बाजारात झाली. इथे बेवारस पिशवी ठेवून, किंचाळत पळून, लोकांच्या नकळत त्यांच्या प्रतिक्रिया टिपणे हा प्रयोग नव्हे, क्रूरपणा आहे. बाजाराचा खरा उपयोग कपड्यांसाठी. थोड्या पैशांत पात्राचा एकच पोशाख दोन प्रतींत मिळतो आणि मळवायला, फाडायला एक प्रत हाताशी राहते.

प्रकाशाचे गणित लहान आहे. भारतात विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्याने सेकंदाला 25 चौकटी आणि शटर एकपन्नासांश ठेवले तर ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर एक्स्पोजर आणि फोकस कुलूपबंद करावा, नाहीतर अंधार दिसताच फोन स्वतःहून चित्र उजळतो आणि दाणे उठतात. सगळी खोली काळोखी करण्यापेक्षा टेबलावरचा एक दिवा चौकटीत ठेवावा. उजेडाची कड दिसली तरच पलीकडच्या अंधाराला खोली येते.

आवाजावर मात्र चित्राइतकाच, किंबहुना जास्त वेळ खर्चावा. प्रेक्षक चित्रापासून डोळे मिटून घेऊ शकतो, कान मिटू शकत नाही. या कथेत तर चौकीदार दिसणारच नाही, त्याचे सारे अस्तित्व आवाजात आहे. म्हणून शिट्टी आणि काठी यांचे ध्वनिमुद्रण अंतर बदलून करावे: फाटकापाशी, चौकात, जिन्याच्या तळाशी, पहिल्या वळणावर. नंतर संगणकावर आवाज लहानमोठा करून हे अंतर साधत नाही, कारण मोकळ्या चौकातला ठोका विरतो आणि जिन्यातला घुमतो. प्रत्येक खोलीत सर्वांनी गप्प राहून मिनिटभराची शांतता वेगळी मुद्रित करावी. ती एडिटिंगमध्ये तुकड्यांमधले सांधे बुजवते. दिल्लीच्या आकाशातली विमाने संवाद बिघडवतात, तेव्हा महत्त्वाचे वाक्य लागोपाठ तीनदा घ्यावे. उलट वसाहतीजवळून जाणाऱ्या रिंग रेल्वेच्या मालगाडीची घरघर आवर्जून जमवून ठेवावी. ती पार्श्वसंगीताची जागा घेऊ शकते. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तर मायक्रोफोनजवळ ताजा मुळा मोडावा. आणि शेवटच्या ठोक्याआधी काही सेकंद पंखादेखील थांबू द्यावा.

चित्रीकरणाला तीन संध्याकाळी पुरतात, जर शॉटची यादी आधी तयार असेल. पहिल्या संध्याकाळी खोलीतले सगळे, दुसरीला जिना, तिसरीला बाहेरचे आणि राहून गेलेले. शेवटची मेट्रो साधारण अकराच्या सुमारास सुटते. प्रत्येकजण घरी कसा जाणार, हे त्या दिवसाच्या वेळापत्रकातच लिहावे. अभिनेत्रीला घाबरायला सांगू नये, ऐकायला सांगावे. ऐकणारा चेहरा प्रेक्षकाला ऐकायला लावतो.

एडिटिंगमध्ये धक्क्याची जागा ठरते. 1942च्या ‘कॅट पीपल’मध्ये दिग्दर्शक जाक तूर्नर आणि संकलक मार्क रॉबसन यांनी रात्री रस्त्याने जाणाऱ्या बाईमागे कोणीतरी असल्याची शंका ताणत नेली आणि ऐन क्षणी बस कर्कश आवाज करत चौकटीत आणली. श्वापद दिसलेच नाही. खोट्या धक्क्याची ही युक्ती पाच मिनिटांत एकदाच वापरावी, दुसऱ्यांदा ती फसवणूक वाटते.

एका प्रश्नाचे उत्तर पटकथेच्या वेळीच द्यावे लागते: भीती नेमकी कोणाची? मोकळ्या केसांची विधवा, मनोरुग्ण, विद्रूप भिकारी ही तयार बुजगावणी वापरणे सोपे असते. ज्या देशात बायकांना चेटकीण ठरवून मारल्याच्या घटना घडतात, तिथे हा सोपेपणा महाग पडतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त उसाच्या फडातल्या भीतीमागे स्त्रीभ्रूणहत्येचा अपराध आहे; भुताहून माणसांचे कृत्य तिथे भयंकर ठरते. सरोजिनी नगरच्या कथेतही चौकीदाराला सैतान करण्याची गरज नाही. ज्याचे नाव कोणी कधी विचारले नाही, तो ब्लॉक रिकामा झाल्यावरही आपली फेरी चुकवत नाही, एवढे पुरते.

लघुपटाबरोबर सहसा लेखी अहवालही द्यावा लागतो. त्यात पटकथेचे खर्डे, शॉटची यादी, परवानग्या, खर्च आणि बदललेले निर्णय तारखांसह असावेत. संगीत उसने घेतले असेल तर लेखी परवानगी जोडावी. जमा करण्याआधी लघुपट एकदा हेडफोनवर आणि एकदा वर्गातल्या स्पीकरवर ऐकावा, कारण हलका ठोका अनेकदा मोठ्या खोलीत हरवतो. मुंबईच्या ‘मिफ’सारख्या महोत्सवात लघुपट पाठवायचा असल्यास इंग्रजी उपशीर्षके याच टप्प्यावर तयार करावीत.