जुने देऊन नवे घेताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत उभे राहण्याजोगी माझी योग्यता नाही, हे मी जाणून आहे. इतिहास विषय घेऊन मी बी. ए. झालो आणि त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या नस्त्या खालून वर आणि वरून खाली पाठविण्यात घालविली. कार्यवाहांनी मला ‘संगणक आणि आपण’ असा विषय सुचविला होता. तो मला पेलणारा नाही. त्यातला एक कोपरा मात्र मला स्वानुभवाने ठाऊक आहे. वापरून झालेले यंत्र आपण विकतो, बदली देतो किंवा परत करतो, तेव्हा त्याच्याबरोबर आपले काय काय घराबाहेर जाते, एवढाच तो कोपरा. यावर बोलण्याचा माझा अधिकार असा, की ही चूक मी स्वतः केलेली आहे. आणि ती करताना जे गेले त्यात माझ्यापेक्षा तुमचेच अधिक होते.

ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांना बोहारीण आठवत असेल. दुपारच्या वेळी ती दारात येई, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत जुन्या कपड्यांचे गाठोडे. दोन लुगडी आणि एका कोटावर एक पातेले मिळवायला तासभर घासाघीस चाले. माझी आजी कपडा तिच्या हाती देण्यापूर्वी सदऱ्याचे खिसे उलटे करी, पदराची गाठ सोडून पाही, बटणे काढून डब्यात टाकी. जरीचे काठ तर आदल्या दिवशीच उसवून ठेवलेले असत. बोहारणीविषयी तिच्या मनात किंतु असे म्हणून नव्हे. वस्तू घराबाहेर जाताना तिच्यातले घर आधी काढून घ्यावयाचे असते, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. आज दुकानात ज्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात तो व्यवहार हाच आहे. फरक इतकाच, की या कपड्याचे खिसे आपल्याला दिसत नाहीत.

आता माझी हकीकत. २०१६ ते २०१९ या काळात मी मंडळाचा खजिनदार होतो आणि मंडळाची कुटुंबसूची माझ्या घरच्या लॅपटॉपवर असे. शंभरावर कुटुंबांची नावे, पत्ते, फोन, जन्मतारखा, रक्तगट. देणगीदारांचे पॅन क्रमांक. वधूवर सूचीसाठी आलेल्या पत्रिका आणि मुलामुलींची छायाचित्रे. त्या सूचीत एक रकाना मी माझ्या हौसेने वाढविला होता. उन्हाळ्यात गीतांजली आणि आझाद हिंद एक्सप्रेसची तिकिटे सर्वांनी एका वेळी काढावीत म्हणून कोण कोणत्या तारखेस गावी जाणार आणि केव्हा परतणार, हे मी लिहून घेत असे. त्या रकान्याचा दुसरा अर्थ मला तेव्हा सुचला नाही. कलकत्त्यातील (कोलकाता म्हणण्याची सवय मला अजून लागलेली नाही, क्षमा असावी) कोणत्या मराठी घराला केव्हापासून केव्हापर्यंत कुलूप असणार, याची ती बिनचूक यादी होती.

२०२१ च्या अखेरीस तो लॅपटॉप कुरकुरू लागला, म्हणून एका दुकानात तो बदली देऊन मी नवा घेतला. आदल्या रात्री बसून मी एकेक फाइल पुसली. पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि आपण मोठे दक्ष आहोत अशा समाधानात झोपलो. दुकानदार म्हणाला, ‘फॉरमॅट करूनच पुढे देतो.’ त्याने तसे केलेही असणार.

२०२२ च्या मार्च महिन्यात एका संध्याकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. ‘काकू, एकटू कथा छिलो.’ बंगालीतला काकू म्हणजे आपला काका, हे इथल्या श्रोत्यांना सांगावयास नको. नैहाटीला राहणारा, महाविद्यालयात शिकणारा तो मुलगा होता. त्याने जुना लॅपटॉप विकत घेतला होता. बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे त्याच्या हातून चुकून पुसली गेली, म्हणून पुसलेले परत मिळवून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम त्याने चालविला. त्याला त्याची छायाचित्रे मिळाली. आणि त्यांच्या खालून आपले मंडळ वर आले.

रविवारी मी शियालदहहून लोकल धरून नैहाटीला गेलो. त्याच्या आईने चहा दिला. आम्ही दोघांनी मिळून ती संपूर्ण डिस्क निरर्थक आकड्यांनी भरून काढली. त्याला दुपार पुरली नाही. मुलगा सज्जन होता म्हणून निभावले. परंतु माझे दुकान आणि त्याचे घर यांच्या मध्ये तो लॅपटॉप आणखी दोन हातांतून गेला होता, असे त्यानेच सांगितले. त्या हातांनी काय पाहिले, काय उतरवून घेतले, हे मी तुम्हांला सांगू शकत नाही. हा प्रकार मी तेव्हाच्या अध्यक्षांच्या कानावर घातला. सभासदांना सांगितला नाही. तो आज सांगतो आहे, आणि चार वर्षे उशिरा सांगतो आहे.

निघताना त्या मुलाने माझ्या हाती एक पेन ड्राइव्ह ठेवला. माझी आई २०१८ साली वारली. तिच्या अखेरच्या वर्षात आमच्या घरच्या नवरात्राचे कुळाचार मी तिच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून घेतले होते, आणि ते कुठे ठेवले हे मला आठवत नव्हते. त्या रात्री दक्षतेच्या भरात मीच ते पुसले होते. मुलाला भाषा कळली नव्हती; म्हातारी बाई बोलते आहे, तेव्हा हे काकूंना हवे असेल, एवढे त्याला कळले.

पुसलेले परत येते कसे, हे मी माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. अभिलेखकक्षात हजारो नस्त्या असतात आणि दारापाशी एक नोंदवही असते. संगणकावर आपण फाइल पुसतो तेव्हा या नोंदवहीतील ओळ तेवढी खोडली जाते; नस्ती मांडणीवर जिथल्या तिथे राहते. ती जागा आता मोकळी समजावी, एवढाच त्या खोडण्याचा अर्थ. पुढेमागे दुसरी नस्ती तिथे आली तर जुनी जाईल. न आली तर वर्षानुवर्षे राहील. झटपट केलेले फॉरमॅट म्हणजे जुनी नोंदवही फेकून कोरी वही आणणे. वही कोरी दिसते, मांडण्या भरलेल्याच. परत मिळवून देणारे प्रोग्रॅम वहीकडे पाहतच नाहीत, ते सरळ मांडणीशी जातात.

कॉलेज स्ट्रीटवर जुने पुस्तक घेतले की पहिल्या पानावर कोणी कोणास लग्नात दिले ते लिहिलेले सापडते, आणि आपण क्षणभर हसून पान उलटतो. झालमुडीच्या ठोंग्यावर एकदा मला कुणा विद्यार्थ्याची गणिताची उत्तरपत्रिका मिळाली होती. बिचाऱ्याला ११ गुण होते. निष्काळजीपणा तेव्हाही होता, पण एका ठोंग्यात एकच पान मावत असे. आता घरातले अख्खे कपाट, आल्बम, बँकेचे पासबुक आणि किल्ल्यांचा जुडगा एकाच वेळी दुसऱ्याच्या हाती जातो.

ही केवळ माझ्यासारख्या अडाण्याची गोष्ट आहे असे समजू नये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातली असावी, असे तिच्यावरील व्यवहारांवरून दिसले. मॉर्गन स्टॅन्ली या बलाढ्य वित्तसंस्थेने आपले जुने संगणक आणि डिस्क मोडीत काढण्याचे काम सामानाची हलवाहलव करणाऱ्या, या कामाचा अनुभव नसलेल्या एका कंपनीस दिले. ते सामान पुढे इंटरनेटवरील लिलावात विकले गेले, आणि ओक्लाहोमा राज्यातील एका तंत्रज्ञाने ‘तुमच्या गिऱ्हाइकांची माहिती माझ्यापाशी आहे’ अशा अर्थाचे पत्र पाठविले तेव्हा त्यांस जाग आली. २०२२ साली त्यांना साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. प्रश्न सुमारे दीड कोटी गिऱ्हाइकांच्या माहितीचा होता. नैहाटीचा मुलगा आणि ओक्लाहोमाचा तो तंत्रज्ञ यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

आणि कचेरीतले झेरॉक्सचे यंत्र! मोठ्या यंत्रांत पुष्कळदा हार्ड डिस्क असते आणि आपण काढलेल्या प्रतींच्या प्रतिमा तीवर राहू शकतात, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? न्यू यॉर्कच्या एका आरोग्यविमा संस्थेने भाड्याने घेतलेली अशी यंत्रे मुदत संपल्यावर परत केली. त्यांतील एक २०१० साली सीबीएस या वृत्तसंस्थेने विकत घेतले, तो त्यात रुग्णांची माहिती निघाली. २०१३ साली त्या संस्थेने १२ लाख डॉलरांहून अधिक भरून प्रकरण मिटविले.

सरकारी माणसाला या गोष्टीची लाज अधिक वाटावयास हवी. ११ मार्च १८९१ रोजी या शहरातच इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झाले, आजचे राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच. कोणता कागद किती वर्षे ठेवावा आणि केव्हा, कोणाच्या समक्ष नष्ट करावा, याचे शास्त्र आम्ही तेव्हापासून घोकत आलो. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही त्याच शिस्तीतला. सरकारी भंगाराचे लिलाव करणारी एमएसटीसी ही कंपनी १९६४ पासून याच शहरात आहे. लिलावाला निघालेल्या लाकडी कपाटाचे खण आम्ही दहादा उघडून पाहतो. संगणकाचे खण उघडावे, हे मला तरी घरी चूक होईपर्यंत सुचले नव्हते.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि जन्मभर जुनी दप्तरे शोधीत पायपीट केली. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था यांनी किती कागद गिळले याचे दुःख त्यांना होते. आमच्या पिढीची गंमत अशी, की जे नष्ट व्हावे ते टिकते आणि जे टिकावे ते आपण स्वतः पुसून टाकतो. पूर्वी लोक खाजगी पत्राच्या शेवटी ‘वाचून फाडून टाकावे’ असे लिहीत, आणि वाचणारा खरोखरच फाडून टाकी.

मग करावे काय? मोबाइलची गोष्ट तुलनेने सोपी आहे. अलीकडच्या फोनमधील मजकूर मुळातच कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असतो; ‘फॅक्टरी रीसेट’ केले की त्या कुलपाची किल्लीच नाहीशी होते. मात्र जुन्या फोनांवर हा भरवसा ठेवू नये. केंब्रिज विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०१५ साली २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा रीसेटनंतरही मजकूर परत मिळतो असे आढळले. आधी हवे ते उतरवून घ्यावे, खात्यांतून बाहेर पडावे, सिम आणि मेमरी कार्ड आठवणीने काढावे, मगच रीसेट करावे. काच फुटलेला फोन मेला असे समजू नये. पडदा मरतो, पोट जिवंत असते. चार दिवस वापरून दुकानास परत केलेल्या वस्तूलाही हेच लागू, कारण ती पुन्हा कुणास तरी विकली जाते. लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती एकदा पूर्णपणे नव्या आकड्यांनी भरून काढणे पुरते. नव्या प्रकारच्या एसएसडीवर मात्र त्या उपायाची खात्री नाही; तिथे यंत्र बनविणाऱ्यानेच दिलेली पुसण्याची सोय वापरावी. यातले काहीच जमत नसेल, तर दुकानदाराकडून डिस्क काढून घ्यावी आणि लॅपटॉप तिच्यावाचून द्यावा. चारशे-पाचशे रुपये कमी येतील. आमच्या आजीने जरीचा काठ उसवून घेतल्यावर बोहारीणही पातेले लहान देत असे.

आपले स्वतःचे काही गेले तर ज्याचे त्याने पाहून घ्यावे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली माहिती ही ठेव असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपल्यावर ती पुसण्याचे बंधन आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माणसाच्या घरगुती कामाला त्यातून सूट आहे. मंडळाला ती सूट सांगता येणार नाही, असे माझे वाचन आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या आईने आपल्या मुलीचे छायाचित्र माझ्या हाती दिले तिने ते मुलीचे लग्न जमेपर्यंत दिले होते. गावी जाण्याच्या तारखांचा रकाना कार्यकारिणीने माझ्या विनंतीवरून सूचीतून काढून टाकला आहे. ज्यांचे पॅन क्रमांक माझ्यापाशी होते त्यांनी आपली बँकेची खाती एकवार तपासून घ्यावीत. त्या वेळच्या सूचीची छापील प्रत मी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. तीवर फक्त नावे आहेत.

मंडळाच्या कचेरीतील जुना संगणक या महोत्सवानिमित्त बदली द्यावयाचे ठरले आहे. नाटकांची छायाचित्रे, इतिवृत्ते आणि जमाखर्च दोन ठिकाणी उतरवून घेतले आहेत. त्याची डिस्क या लखोट्यात आहे. चहा झाल्यावर मागच्या अंगणात तिला ड्रिलने भोके पाडावयाची आहेत. नष्ट करणे साक्षीने व्हावे अशी आमच्या खात्याची रीत आहे, तेव्हा इतिवृत्ताच्या वहीत दोन सभासदांच्या सह्या लागतील. त्यांतील एक सही, वधूवर सूचीत ज्यांनी आपल्या मुलीचे नाव दिले होते अशा एखाद्या भगिनीने करावी, अशी माझी विनंती आहे.