आमरीच्या बीजाची शिदोरी

पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणात किंवा घाटमाथ्यावर एखाद्या आंब्या-जांभळाच्या फांदीवरून लोंबणारा गुलाबी फुलांचा घोस तुम्ही पाहिला असेल. हीच सीतेची वेणी. ती आमरीच्या कुळातली. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. पण ते खरं नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फांदीवर नुसता आसरा घेते.

मग तिचं पोट कसं भरतं? मोठेपणी ती आपल्या हिरव्या पानांत अन्न तयार करते. खरी अडचण आहे ती बालपणी. हरभऱ्याचा भिजलेला दाणा सोलून पाहा. त्याच्या दोन डाळी म्हणजे कोंबाची शिदोरीच. आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या बारीक. त्यांच्यापाशी शिदोरी जवळजवळ नसतेच!

ही शिदोरी पुरवते बुरशी. १८९९ साली नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला एका रानटी आमरीच्या नुकत्याच रुजलेल्या बिया सापडल्या. पाहतो तो त्यांत बुरशीचे धागे! हे धागे पेशींत शिरून लोकरीच्या गुंड्यासारखी वेटोळी घालतात, आणि रोप ती वेटोळी हळूहळू पचवतं. कुजक्या पाल्यातून, सालीतून बुरशीनं मिळवलेलं अन्न असं त्या बाळाच्या मुखी लागतं.

पुढे १९२२ साली अमेरिकेत नडसन यांनी बुरशीवाचून, नुसत्या साखरेच्या खळीवर हे बी रुजवून दाखवलं. प्रयोगशाळेत ते जमतं. पण रानात साखर कोण घालणार?

विद्यार्थिदशेत मीही जमिनीवरची एक आमरी उपटून कुंडीत लावली होती. पुढच्या पावसाळ्यात ती उगवली नाही. मी रोप आणलं होतं. त्याची माती आणि मातीतला सोबती रानातच राहिला होता.

म्हणून शिक्षकबंधूंना माझं एक सांगणं आहे. मुलांना रानात जरूर न्या, फूल दाखवा, बोंडातली धूळ तळहातावर घेऊन दाखवा. पण रोप उपटू देऊ नका. आणि गावकरी मंडळींनो, बांडगूळ समजून आमरी खरवडू नका, जुनं झाड उगाच तोडू नका. फुलाला जपायचं, तर आधी त्याची जागा जपली पाहिजे.